स्टँड, पण कुणाच्या कानाचा?

‘बुकशेल्फ स्पीकर’ या नावातच सॉलिड लोचा आहे. नाव ऐकून माणूस तो बिनधास्त पुस्तकांच्या कपाटात नेऊन ठेवतो. एका बाजूला दिवाळी अंक, दुसऱ्या बाजूला सोसायटीच्या गणपतीत मिळालेली ट्रॉफी, मध्ये स्पीकर. मग डग्ग्यावर थाप पडली की अख्खं कपाट घुमतं आणि आपण ॲम्प्लिफायरला नावं ठेवतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. मागे भिंत, बाजूला फळी, खाली फळी अशा कोंडीत स्पीकर बसवला की खर्ज फुगतो, आणि फळीवरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून चांगल्या गायकाचा गळाही सर्दी झाल्यासारखा लागतो.

म्हणजे ‘बुकशेल्फ’ हे फक्त साइझचं नाव समजायचं. या जातीचा एक मूळपुरुष म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. १९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनीअर मंडळींनी तो बनवला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या छोट्या गाड्यांसाठी, कारण मोठा मॉनिटर तिथे मावायचा नाही. जेमतेम फूटभर उंचीचा खोका. पुढे तो घराघरांत गेला, तेव्हा शौकीन लोकांनी त्याला कपाटातून बाहेर काढलं, भिंतीपासून लांब आणलं आणि स्टँडवर उभं केलं.

स्टँडचं नाव काढलं की आमच्याकडे नवरा एकच वाक्य म्हणायचा, ‘अगं, स्टूलच की ते!’ बाबा मिरजेहून आमच्याकडे राहायला येईपर्यंत मीही फार वाद घातला नव्हता.

आवाज पायाशी येतोय

बाबा बँकेतून रिटायर झालेले. गाणारे-वाजवणारे नाहीत, पण मिरजेचे. जिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते गाव. लहानपणापासून येता-जाता दुकानांतून जवारी लावताना ऐकलेली असल्यामुळे तंबोरा जरा चुकीचा वाजला की यांच्या कपाळाला आठी. आणि गाणं ऐकायचं ते सतरंजीवर, भिंतीला पाठ टेकून. ‘सवाई’ १९५३ पासून सुरू आहे आणि तिथे खरा कानसेन कुठे बसतो? भारतीय बैठकीत! खुर्चीत बसून ऐकणारे म्हणजे बाबांच्या लेखी लग्नाला आलेले पाहुणे.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. आता हातात काठी आणि बसायला उंच पाठीची आरामखुर्ची. आमचा कोथरूडचा भाड्याचा फ्लॅट, हॉलमध्ये सोफा नाही, गादी आणि लोड. स्पीकर टीव्हीच्या बुटक्या युनिटवर. गादीवर पसरून ऐकणाऱ्या आम्हा दोघांना ते ठीकठाक वाटायचे. दुसऱ्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘आवाज पायाशी येतोय गं. तंबोरा पायपुसण्यावर ठेवल्यासारखा वाटतोय.’

त्यानंतर चार दिवस त्यांनी गाणं लावा असं म्हटलंच नाही. ‘राहू दे, तुम्हाला कामं असतात,’ म्हणायचे आणि मोबाइलवर बातम्या बघायचे. तीनशे कॅसेट्स जपून ठेवलेला माणूस! स्टँडचा विषय तेव्हा पहिल्यांदा सीरिअसली निघाला.

तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती. या स्पीकरमध्ये दोन गोल असतात. वरचा छोटा, म्हणजे ट्वीटर, बारीक आवाजांसाठी आणि खालचा मोठा जाड आवाजांसाठी. मधले काही स्वर दोघं मिळून वाजवतात. कान ट्वीटरच्या पातळीत असला की दोघांचा आवाज बरोबर एकत्र पोचतो. कान फार वर किंवा फार खाली गेला की एकाचं अंतर वाढतं, दुसऱ्याचं कमी होतं आणि मधले स्वर एकमेकांना खोडतात. शिवाय बारीक आवाज समोर सरळ जातात, तिरके कमी पोचतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तो सोनेरी झणत्कार, राहतो याच बारीक आवाजांत. तुमच्याकडे आत्ता गाणं लागलं असेल तर बसल्या जागेवरून हळूहळू उभे राहा. फरक ऐकू येईल.

मग मी टेप घेऊन बाबांचा कान मोजला. (ते म्हणाले, ‘शर्ट शिवतेस का?’) खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून ९८ सेंटिमीटर. गादीवर बसलेल्या नवऱ्याचा कान ७६ सेंटिमीटर. आमच्या स्पीकरच्या बुडापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंत २४ सेंटिमीटर. फंडा सोपा आहे. कानाच्या उंचीतून हे २४ वजा करा, उरेल ती स्टँडची उंची. बाबांसाठी ७४, म्हणजे २९ इंच. आमच्यासाठी ५२, म्हणजे साधारण साडेवीस इंच. एकाच घरात साडेआठ इंचांचा फरक!

शोरूममध्ये गेलो तर सगळीकडे २४ इंची स्टँडचंच राज्य. तो आमच्यापैकी कुणाच्याच कानाचा नव्हता. २४ इंच हा आकडा जगभर चालतो कारण तो सोफ्यात जरा घसरून बसलेल्या माणसाच्या मापाचा आहे. २८ इंचीही मिळत होता, वजनदार, देखणा, जोडी चौदा हजाराला. खाली टोकदार स्पाइक्स. सेल्समननं स्पाइक्सची तारीफ एवढी केली की मला उगाचच भाला घेतोय असं वाटलं.

घाई केली नाही. घरी येऊन दोन स्टुलांवर दिवाळी अंकांच्या चवडी रचल्या, वर स्पीकर ठेवले आणि एकेक अंक कमी-जास्त करत ऐकलं. कुठलाही स्टँड घ्यायच्या आधी हे नक्की करा. पैसे लागत नाहीत आणि इंचाइंचाचा हिशेब कळतो. आमच्या लक्षात आलं की जितकं लांब बसू तितकी उंचीची कटकट कमी. दीड मीटरवरून २२ सेंटिमीटरचा फरक म्हणजे आठ अंशांच्या वर तिरका कोन, अडीच मीटरवरून तोच पाच अंश. आमचा हॉल अडीच मीटरच देतो. दुसरी गोष्ट म्हणजे बाबांचे गुडघे वाकणार नाहीत, आमची गादी मात्र हलू शकते. स्टँड बाबांच्या कानाला, २८ इंच, असं ठरलं. आमचं आम्ही बघू.

कसब्यातून निघालो

शनिवारी सकाळी नळ स्टॉपला मेट्रो पकडली, सिव्हिल कोर्टला बदलली आणि कसबा पेठ स्टेशनला जमिनीखालून वर आलो. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून पेठेत जायला पार्किंगचं कारण उरलेलं नाही.

तांबट आळी वाटेतच होती म्हणून शिरलो. तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चाललेलं. हातोडीचा एकेक ठोका टण्ण करून हवेत रेंगाळत होता. भांडं असं वाजलं तर कुणाची तक्रार नाही, स्टँड असा वाजला तर संपलं. स्पीकर वाजतो तेव्हा त्याचा खोका थरथरतो, ती थरथर स्टँडमध्ये उतरते आणि पोकळ पाइप असेल तर तो आपला स्वतःचा सूर लावतो. म्हणून दुकानात स्टँड बघताना बोटाच्या पेरानं टकटक करायची. ‘टण्ण’ आला तर नमस्कार करून पुढे. ‘ठक्’ असा मेलेला आवाज आला तर बोलणी करा. नवऱ्यानं त्या दिवशी पेठेतला प्रत्येक पाइप, रेलिंग आणि एक पार्क केलेली बुलेटसुद्धा वाजवून पाहिली.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं काही मिळतं. स्टँडही मिळाले, पण होम थिएटरच्या चिमुकल्या स्पीकरसाठी असतात तसले काडीपैलवान. आमचे साडेसहा किलोचे स्पीकर ठेवले असते तर मान टाकली असती. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, ब्रॅकेट घ्या ना, भिंतीला ठोका, जागा वाचते.’ जागा वाचते हे खरं, पण स्पीकर परत भिंतीला चिकटतो. आमच्या स्पीकरचं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे, त्याला फूट-दीड फूट मोकळी जागा हवी. आणि भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल मारलं की डिपॉझिटला भोक पडतं. तिथून फक्त केबल घेतली आणि रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो.

बोहरी आळी ही पुण्यातली माझी फेव्हरेट जागा. बिजागऱ्या, स्क्रू, रंग, साखळ्या आणि ज्यांचं नाव आपल्याला माहीत नसतं अशा असंख्य वस्तू. ‘ते हे, टेबलाच्या पायाला लावतात ते’ असं म्हटलं की काउंटरवरचा माणूस न बघता हात मागे घालतो आणि बरोबर तेच काढतो. इथे मला स्पाइक्सचा उलगडा झाला.

स्पाइक हा मुळात विलायती घरांचा उपाय आहे. तिकडे लाकडी तक्तपोशी, तिच्यावर जाड कार्पेट. स्टँड कार्पेटवर डुगडुगतो, म्हणून टोकदार खिळे कार्पेटमधून आरपार खालच्या जमिनीपर्यंत न्यायचे. आपल्याकडे काँक्रीटचा स्लॅब आणि वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. स्पाइकनं छेदायचं काय? टाइलवर ओरखडे पडणार, नाहीतर स्टँड घसरणार. काही जण खाली नाणी ठेवतात, तो जुगाड चालतो. पण आमच्याकडे मावशी रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसतात, नाणं एकदा सरकलं की स्टँड लंगडा. म्हणून आठ बोल्ट, सोळा नट आणि आठ जाड रबरी बूट घेतले. बोल्ट फिरवून पाय कमी-जास्त होतो, बुटामुळे घसरत नाही आणि लोखंडाची प्लेट फरशीला टेकत नसल्यानं खाली पाणी साचून गंजाची चौकट उमटत नाही. सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. तीन पाय की चार पाय यावर शौकीन लोक भांडत असतात. तीन पायांचा स्टँड कधी डुगडुगत नाही, पण धक्क्याला लवकर कलंडतो. घरात काठी टेकत चालणारा माणूस आहे, तेव्हा चार.

‘ताई, कुंड्यांना का?’

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला आम्ही गेलो ते लाकडाच्या मोहानं. जुन्या वाड्यातलं सागवान बघितलं की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. लाकडी स्टँड दिसतो भन्नाट आणि लोखंडासारखा टणटणत नाही. पातळ भिंतींच्या, जुन्या बीबीसी पद्धतीच्या स्पीकरना तर हलका, मोकळ्या चौकटीचा स्टँडच आवडतो असं मानणारा मोठा पंथ आहे. दुसरा पंथ म्हणतो, जितकं जड तितकं चांगलं. आमचे स्पीकर जाड एमडीएफचे, म्हणून आम्ही दुसऱ्या पंथात. पण खरं कारण सागाचा भाव ऐकल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे जसं पाहिलं ते होतं. (लाकडाचाच स्टँड करणार असाल तर एक टिप. किचन ओटे करणाऱ्याकडे सिंकसाठी कापलेला ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा तुकडा पडून असतो. तो खाली बेस म्हणून घ्या, स्वस्तात वजन मिळतं.)

जवळच्याच एका बोळात फॅब्रिकेशनचं दुकान होतं. पुढे सेफ्टी डोअरच्या जाळ्या, मागे ठिणग्या. मी कागदावर काढलेलं चित्र दाखवलं.

‘ताई, कुंड्यांना का?’ काकांनी विचारलं.

‘नाही, स्पीकरना.’

‘मांडवातले?’

‘नाही हो, घरातले. एवढे एवढेच आहेत.’

काकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. ‘मग एवढं जड कशाला? दीड इंची पाइप भरपूर झाला. यावर तुम्ही दोघं उभे राहिलात तरी हलायचा नाही.’

इथून पुढचा अर्धा तास फार मजेत गेला. काकांना मजबुती कळत होती, मला आवाज हवा होता. पाइप तीन इंची चौकोनी हवा कारण आत वाळू भरायची आहे, हे ऐकल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. पोऱ्याला हाक मारून कोपऱ्यातला एक तुकडा आणायला सांगितला, पान्यानं वाजवला. टण्ण. मग तुकडा जमिनीवर उभा करून त्यात बाजूच्या ढिगातली वाळू ओतली आणि परत वाजवला. ठक्. ‘कळलं,’ काका म्हणाले. त्यानंतर सगळं त्यांनीच सुचवलं. वेल्डिंग नुसते टाके मारून नको, चारी बाजूंनी सलग घेऊ, नाहीतर वाळू झिरपेल आणि फटीतून पत्रा वाजेल. वाळू भरायला वरच्या प्लेटला भोक, त्याला रबरी बूच. खालची प्लेट दोन सूत जाड, बारा बाय चौदा इंच, तिच्या चार कोपऱ्यांत बोल्टचे आटे. वरची प्लेट सहा बाय आठ, म्हणजे स्पीकरच्या बुडापेक्षा थोडी लहानच, तिच्या कडा बाहेर यायला नकोत.

‘हाइट?’

‘अठ्ठावीस. बोल्ट आणि बूट धरून.’

‘कमी-जास्त करायला आत-बाहेर सरकणारा पाइप टाकू का? व्हॉलीबॉलच्या खांबाला असतो तसा?’

आयडिया हटके होती. बाबांना एक उंची, आम्हाला दुसरी. पण सरकत्या पाइपमध्ये वाळू भरता येत नाही आणि दोन पाइपांमधली फट वाजते. मी नको म्हटलं. काकांना ते पटलं नाही, तरी त्यांनी ऐकलं.

आठवड्यानं पावडर कोटिंग होऊन जोडी तयार झाली. मॅट काळा रंग, पाच हजार आठशे रुपये. रिकामा स्टँड नऊ किलोचा, त्यामुळे दोन्ही रिक्षात मावले आणि रिक्षावाल्या दादांनी ‘जिम सुरू करताय का?’ एवढंच विचारलं. वाळू घरीच भरायची. बांधकामावर हल्ली क्रश सँडच असते, ती चालते, फक्त खडखडीत कोरडी हवी. ओली भरली तर पाइप आतून गंजेल. आम्ही गच्चीवर जुन्या चादरीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवली, चाळली आणि पाइप दोन-तृतीयांश भरला, स्टँडमागे सुमारे चार किलो. ठासून भरायची गरज नाही. थोडी थोडी घालत वाजवून बघा, टण्ण गेला की थांबा.

प्लेट आणि स्पीकरच्या मध्ये ब्लू-टॅकच्या वाटाण्याएवढ्या चार गोळ्या. पोस्टर चिकटवतात तोच, स्टेशनरीच्या दुकानातला. एमसील चुकूनही वापरू नका, ते दगडासारखं घट्ट होतं आणि मग स्पीकर आणि स्टँडची जन्माची गाठ! ब्लू-टॅक मात्र हलकेच पीळ दिला की सुटतो, आणि काठीचा किंवा मावशींच्या कोपराचा हलका धक्का लागला तर स्पीकर जागचा हलत नाही.

राहता राहिलो आम्ही दोघं. त्यासाठी वेताचे दोन मुढे आणले, फूटभर उंचीचे. त्यांच्यावर बसलं की माझा आणि नवऱ्याचा कान जवळजवळ बाबांच्या कानाच्या रेषेत येतो. पाठीला भिंत आहेच. गादी आता झोपायच्या खोलीत गेली.

पहिल्या रात्री बाबांनी आधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायला लावले, मग थोडे आत वळवायला लावले. आमच्या टाइल्स दोन बाय दोन फुटांच्या, त्यांच्या सांध्यांवरून दोन्ही बाजू अगदी सारख्या मोजता येतात. सव्वाअकराला तंबोरा लागला तेव्हा ते खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटून बसले होते. आलाप संपायच्या आत त्यांनी दोनदा ‘वा’ म्हटलं आणि एकदा ‘डावा अजून दोन बोटं पुढे घे’. आता मावशींनाही पाठ झालंय. फरशी पुसून झाली की त्या स्वतःच मोजतात, भिंतीपासून एक टाइल आणि दोन बोटं.